पहाटेचं गार पेट्रोल

हेरंबराव टिपणीसांबद्दल चांगलं सांगायचं तर ते गाडी स्वच्छ ठेवत. झालं, संपलं. बाकीचं जे आहे ते मी आता लिहिते आहे, आणि ते वाचून कोणाला वाईट वाटलं तर माझा नाइलाज आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहिले आहे, मला ती सवलत मिळावी.

आमची इमारत गिरगावात, रस्त्याला लागून. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी आई, आणि समोरच्या दोन खोल्यांत हेरंबराव आणि सरोजिनीवहिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. हेरंबराव एका विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा जाताना आपली छोटी काळी मॉरिस यांच्या गळ्यात टाकून गेला. सबंध इमारतीत गाडी ती एकच. तिच्यासाठी हेरंबरावांनी जाड कापडाची खोळ शिवून घेतली होती. वहिनींचं पोलकं मात्र खांद्यावर विरलेलं असायचं.

रस्त्यापलीकडे, आमच्या गॅलरीच्या अगदी समोर, पेट्रोलचा पंप होता. माणसाच्या घरासमोर देऊळ असावं तसा तो हेरंबरावांना लाभला होता, आणि त्याचं सोवळंओवळंही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. पेट्रोल घ्यायचं ते पहाटेच, कारण पहाटे ते गार असतं, गार म्हणजे दाट, आणि दाट म्हणजे त्याच मापात जास्त. दुपारी घेतो तो मूर्ख, तो पेट्रोलच्या नावाखाली वाफ विकत घेतो. टाकी अर्ध्याच्या वर कधी भरायची नाही, कारण पेट्रोलचं वजन ओढायलाही पेट्रोलच लागतं. पावाच्या खाली कधी जाऊ द्यायचं नाही, कारण तळाचा गाळ इंजिनात शिरतो. म्हणजे त्या गाडीचं सगळं आयुष्य पाव ते अर्धं यांच्यामध्ये गेलं. वहिनींचंही तसंच गेलं, पण त्याचं माप कोणी घेत नव्हतं.

माप घ्यायला त्यांच्याकडे बांबूची एक कामटी होती. तिच्यावर चाकूनं दोन खाचा केलेल्या, एक पावाची आणि एक अर्ध्याची. टाकीचं बूच काढून ती आत बुडवायची, बाहेर काढून उजेडाकडे धरायची आणि तोंड वाकडं करायचं. मग पंपावरच्या दौलतला सांगायचं की हळू सोड, नाहीतर फेस भरतोस. अर्धं भरून झालं की स्वतः गाडीच्या मागे जाऊन, धोतराचा सोगा खोचून, गाडी गदागदा हलवायची. शेर भरताना दाणा बसावा म्हणून वाणी माप हलवतो ना, तसं. त्यानं टाकीतली हवा निघते आणि आणखी चार थेंब बसतात, असं त्यांचं म्हणणं. पहाटेच्या शांततेत त्या मॉरिसच्या स्प्रिंगा कुईकुई करायच्या आणि सबंध इमारतीला कळायचं की टिपणीस पेट्रोल घेताहेत.

दौलत परळच्या गिरणीवस्तीतल्या चाळीतला मुलगा, विशीतला, हसरा. त्याच्या हातात हेरंबरावांनी कधी पैसे ठेवले नाहीत. ते कठड्यावर ठेवायचे आणि तो बोटानं ओढून घ्यायचा. कामटीला त्यानं हात लावलेलाही चालायचा नाही. पुढे छप्पन्नच्या दसऱ्याला दौलतच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा हेरंबराव त्याला खवचटपणे म्हणाले की आता तुला शनी लागणार नाही म्हणायचं. दौलत म्हणाला, "लागायचा तेवढा लागून झाला साहेब. आता सुटला." मी गॅलरीतून ऐकत होते. त्या दिवशी मला शाळेत शिकवताना फार हुशारी आली.

शनीचा विषय निघालाच आहे तर तो सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. शनिवारी घरात तेल विकत आणायचं नाही, ही चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. माझी आईही पाळायची. पण पेट्रोल हेही जमिनीतून निघालेलं तेलच, म्हणून ते शनिवारी घ्यायचं नाही, असं काढणारे हेरंबराव एकटेच. "शनिवारी तेल मारुतीला घालायचं, मॉरिसला नाही," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी शाळेत शास्त्र शिकवते. एकदा मी त्यांना म्हणाले की पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली असते, तिला पहाट कळत नाही, दुपार कळत नाही, आणि वार तर मुळीच कळत नाही. ते म्हणाले, "तुम्ही पुस्तकं वाचता, मी गाडी चालवतो." मग मी तो नाद सोडला.

वहिनी त्या गाडीत बसायच्या त्या फक्त प्रभादेवीला माहेरी जायच्या वेळी. त्यांची आई, कौसल्याबाई, तिथे वहिनींच्या भावाकडे, गंगाधरकडे, राहायची. वहिनी ही तिची एकच मुलगी. म्हातारी लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि लेक इथे पाव आणि अर्धं यांच्या हिशेबात अडकलेली. आज नको, टाकी पावावर आलीय. आज नको, पंपावर टँकर येऊन गेलाय, खालचा गाळ ढवळला असेल. आज नको, शनिवार. कधी न्यायचेच, तर परतताना उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणायचे, आणि वहिनींना सांगायचे की हलू नकोस, तोल जातो. वहिनी हलायच्या नाहीत.

मग छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव पेटलं. ट्राम बंद, बस बंद, रस्त्यावर दगडांचा आणि काचांचा खच, गोळीबाराचे आवाज, आणि मग कर्फ्यू. हेरंबराव तसे पक्के संयुक्त महाराष्ट्रवाले. गॅलरीत उभं राहून घोषणा द्यायचे, खाली पोलीस दिसले की आत यायचे. कौसल्याबाईंना त्याच्या आधीच परळच्या एका इस्पितळात ठेवलं होतं, छातीत पाणी झालं होतं म्हणून. त्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी थोड्या वेळासाठी कर्फ्यू उठला. आणि त्याच वेळी खालच्या औषधवाल्याकडे गंगाधरचा फोन आला. आई सारखं तुझंच नाव घेते आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, कसंही करून ये.

वहिनी जिना उतरून खाली आल्या त्या अनवाणीच. मी त्यांच्या मागे गेले. हेरंबरावांनी गाडीची खोळ काढली, बूच उघडलं, कामटी आत बुडवली आणि बाहेर काढून आम्हाला दाखवली. पेट्रोल पावाच्या खाचेच्या बोटभर खाली होतं.

"जाता येणार नाही," ते म्हणाले. "गाळ वर येईल."

समोर पंप उघडा होता. दौलत कर्फ्यूमुळे घरी जाऊ न शकता तिथेच अडकून पडला होता, फळीवर झोपत होता. तो पलीकडून ओरडला की साहेब, आहे त्या पेट्रोलात परळला जाऊन याल, आणि नसेल तर मी आत्ता भरतो. वहिनी रस्ता ओलांडून गेल्या आणि त्याला म्हणाल्या, भर. तो डबा भरून घेऊन आला. तोवर हेरंबरावांनी बूच लावलं होतं, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली होती आणि बुचावर तळहात ठेवून ते उभे राहिले होते.

"शनिवारी माझ्या गाडीत तेल जाणार नाही," ते म्हणाले. "त्यात ही भर दुपार. उद्या पहाटे गार पेट्रोल भरू आणि जाऊ."

वहिनींनी त्यांचे पाय धरले. हे मी पाहिलं आहे, भर रस्त्यात, काचांच्या तुकड्यांत. मी हेरंबरावांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तळहात हलला नाही. मला भीती वाटते, रस्त्यात गाडीवर दगड पडतील, असं ते म्हणाले असते तर आम्ही समजून घेतलं असतं. भीती सगळ्यांनाच वाटत होती. पण त्या माणसाला भ्यायलासुद्धा नियम लागायचा.

आम्ही दोघी चालत निघालो. वहिनी नुसत्या झपझप चालत होत्या, आणि मी मागून जवळजवळ पळत होते. लालबागला पोचलो आणि मोकळीक संपली. पोलिसांनी काठ्या आडव्या धरल्या. वहिनींनी हात जोडले, आई मरते आहे म्हणून सांगितलं. त्यांतला एक म्हातारा हवालदार म्हणाला की बाई, आज सगळ्यांचंच कोणी ना कोणी मरतंय. आम्हाला मागेही जाता येईना. शेवटी जाईबाई नावाच्या एका गिरणीकामगार बाईनं चाळीचं दार किलकिलं करून आम्हाला आत ओढलं. भाकरी दिली, ती आम्ही खाल्ली नाही. तिथून परळ हाकेच्या अंतरावर होतं. वहिनी रात्रभर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

सकाळी इस्पितळात पोचलो तर त्या खाटेवर दुसरीच बाई झोपली होती. आया म्हणाली, कोण हवंय? कौसल्याबाई आदल्या संध्याकाळी गेल्या होत्या, आणि परत रस्ते बंद होतील या धास्तीनं गंगाधरनं उजाडताच सगळं उरकून टाकलं होतं. आयेनं उशाखाली राहिलेला चष्मा आणून वहिनींच्या हातात दिला. त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

घरी आलो तेव्हा हेरंबराव गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, थोडा वेळ मान हलवली आणि मग बायकोकडे बघून म्हणाले, "बघ, पोचली असतीस तरी काय उपयोग होता? आणि दौलत म्हणतो, पंपावर परवाच टँकर येऊन गेला. नुसता गाळ आला असता."

वहिनी आत गेल्या आणि स्टोव्ह पेटवला. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या त्या फक्त मीठ आणि पाणी एवढ्यापुरत्या. आईच्या तेराव्याला हेरंबराव पहाटे उठून, गार पेट्रोल भरून, गाडी हलवून तयार राहिले. वहिनी बसनं गेल्या. तिथे पंगतीत बसून हेरंबरावांनी लोकांना सांगितलं की आजच्या भावातसुद्धा त्यांची मॉरिस किती थोडक्यात धावते.

पुढे दोनेक वर्षांनी, थंडीतल्या एका पहाटे, गाडी गदागदा हलवताना ते एकदम मटकन खाली बसले आणि मग आडवे झाले. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. टाकी नुकतीच अर्धी भरलेली, पेट्रोल अगदी गार. पण ती गाडी चालवायला त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हती, कारण त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. दौलत इकडेतिकडे धावला आणि बर्फाच्या लाद्या वाहणारी एक हातगाडी घेऊन आला. त्या ओल्या गाडीवर, पोत्यांखाली, हेरंबराव इस्पितळात गेले. उशीर फार झाला, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या वेळी काय वाटलं ते मी कबूल करते. मला बरं वाटलं.

ते जगले. त्यांना सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, फक्त बोलता येत नव्हतं. "गा, गा," एवढंच तोंडून यायचं. वहिनींनी त्यांची सेवा केली. मी खोटं का सांगू, अंथरुणात एक जखम होऊ दिली नाही. वेळेवर अंघोळ, वेळेवर पेज. आणि त्याच महिन्यात त्यांनी दौलतला गाडी शिकायला घातलं. त्याला परवाना मिळाल्यावर पंपावरून सोडवून आणून आपल्याकडे ठेवलं.

मग दर शनिवारी, भर दुपारी, वहिनी नवऱ्याला उचलून गॅलरीतल्या खुर्चीत बसवायच्या, खुर्चीचं तोंड पंपाकडे करायच्या. स्वतः चांगलं लुगडं नेसून खाली जायच्या. दौलत गाडी पंपावर न्यायचा आणि टाकी काठोकाठ भरून घ्यायचा, टाकीच्या तोंडातून पेट्रोल वाहून रस्त्यावर ओघळ येईपर्यंत. उन्हात त्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. वहिनी मान वर करून गॅलरीकडे बघायच्या. मग गाडी निघायची ती परळला, इस्पितळाच्या फाटकापाशी. तिथे थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. खुर्चीतून "गा, गा" असा आवाज येत राहायचा. माझी आई म्हणायची, सरू, पुरे कर गं आता. वहिनी हसून म्हणायच्या की त्यांना गाडी बघायला आवडते.

साठ सालच्या एप्रिलचा शेवटचा दिवस शनिवारच होता. मध्यरात्री महाराष्ट्र राज्य होणार म्हणून गिरगाव नुसतं उजळलं होतं. कमानी, पताका, गॅलरीगॅलरीत दिव्यांच्या माळा, ढोल, लेझीम, माणसांनी भरलेले ट्रक. या एका गोष्टीसाठी मात्र हेरंबरावांनी मनापासून जीव टाकला होता, आणि तेवढं मी त्यांच्या नावावर जमा करते. आजारी पडल्यावरही रोजचं वर्तमानपत्र त्यांच्यापुढे धरावं लागायचं. त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसून डावा हात सारखा खाली गाडीकडे करत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना रोषणाई बघायला जायचं होतं, आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला ते कळत होतं. सगळे वहिनींना म्हणाले की न्या हो त्यांना, एवढा दिवस पुन्हा यायचा नाही. मीसुद्धा म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दुपारी गाडी पंपावर गेलीच नव्हती. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच, आणि तो सबंध आठवडा वहिनींनी दौलतला रोज गाडी फिरवायला लावली होती. वहिनी आत गेल्या, ती जुनी कामटी घेऊन खाली उतरल्या आणि लगेच परत वर आल्या. टोक ओलं होतं. ती त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरली.

"पावाच्या बोटभर खाली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि आज शनिवार. उद्या पहाटे गार पेट्रोल भरू आणि जाऊ."

खाली घोषणा चालल्या होत्या. हेरंबरावांचा हात हवेत तसाच राहिला, मग मांडीवर पडला.

वहिनींनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली. दौलतनं पाठुंगळीला मारून खाली आणलं. मागच्या सीटवर बसवून, पडू नयेत म्हणून छातीभोवती उपरणं बांधलं. रस्त्यावर दिवे विझलेले, कमानी अर्धवट फाटलेल्या, झाडूवाले गुलाल आणि फुलं लोटत होते. मी गॅलरीत उभी होते. पंपावर टाकी अर्धी भरली, वहिनींनी कामटीनं स्वतः पाहिलं.

"आता हलव," त्या म्हणाल्या.

दौलत म्हणाला, "बाई, साहेब आत बसलेत."

"असू देत. हवा निघायला हवी."

दौलतनं वाकून काचेतून साहेबांकडे एकदा पाहिलं. मग त्यानं आणि पंपावरच्या नव्या माणसानं मागून गाडी हलवली. स्प्रिंगा पूर्वीसारख्याच कुईकुई करायला लागल्या. काचेतून मला हेरंबरावांचं डोकं दिसत होतं, ते या खांद्यावरून त्या खांद्यावर पडत होतं, टोपी केव्हाच खाली गेली होती. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि समोर बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या माणसाचा मी राग राग केला होता, पण त्या क्षणी मला वाटलं की कोणीतरी खाली जाऊन हे थांबवावं. मी गेले नाही.

पुढचं मला दौलतनं सांगितलं. सगळ्या विझलेल्या कमानींखालून गाडी परळला नेली, इस्पितळाच्या फाटकापाशी उभी केली. वहिनींनी पिशवीतून तो दोरा बांधलेला चष्मा काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. हेरंबराव रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे, आणि लाळ छातीवर गळायला लागली. फाटकाकडे हात करून वहिनी म्हणाल्या, "उतरायचं का? नको. पोचलो असतो तरी काय उपयोग होता?" आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यांनी लाळ पुसली नाही. रडणं काही थांबेना. शेवटी दौलत उतरून मागे आला आणि खिशातलं फडकं काढून त्यानं हेरंबरावांचं तोंड पुसलं. फडक्याला पेट्रोलचा वास होता, तो म्हणाला, पण दुसरं काही जवळ नव्हतं.